जाड अक्षरातली बारीक रेघ

काकूंच्या भाजणीचं लेबल करून महिना होत आला पण ते काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहूनच टाकते.

सदाशिव पेठेत आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात, थालीपिठाची भाजणी, मेतकूट वगैरे घरी करून विकतात. त्यांना नवीन लेबल आणि कापडी पिशवी हवी होती. "अगं, लांबून दिसलं पाहिजे, पण ते चौकातल्या फ्लेक्ससारखं भडक नको हं," एवढंच सांगितलं त्यांनी. मला लगेच रोझा वन आठवला. इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आहे. याची जाड रेघ भलतीच जाड आणि त्यांना जोडणारी रेघ एकदम केसासारखी, मधलं काही नाहीच. स्क्रीनवर मोठ्या साइझमध्ये 'भाजणी' टाइप केलं आणि खरं सांगते, पाच मिनिटं नुसती बघत बसले. इतकं भरदार अक्षर, तरी कुठे बोजड वाटत नव्हतं, आणि ते त्या बारीक रेघांमुळे. सगळीकडे सारखंच जाड असतं तर नुसता काळा ठोकळा दिसला असता.

या जातीच्या अक्षराला फॅट फेस म्हणतात. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे इटलीतल्या पार्म्यात बोडोनी नावाच्या मुद्रकाने आणि पॅरिसमध्ये दिदो या मुद्रक घराण्याने जाड-बारीकचा असा टोकाचा फरक असलेले टाइप, म्हणजे छपाईची अक्षरं, घडवले, तोवर कागद गुळगुळीत मिळायला लागला होता म्हणून एवढी नाजूक रेघ छापता तरी येत होती. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये तेच अक्षर फुगवून जाहिरातींसाठी आणि लॉटरीच्या पोस्टरांसाठी वापरायला लागले. म्हणजे याचा जन्मच मुळी भिंतीवर लागण्यासाठी झालाय, हे मी विसरले आणि तिथेच घोळ झाला.

लेबल छोटं, त्यात नाव, वजन, घटक, पत्ता, सगळं कोंबायचं. मी उत्साहाच्या भरात घटकपदार्थसुद्धा रोझातच बसवले आणि वर मरून पट्टीवर पांढरी अक्षरं, म्हणजे रिव्हर्स. लेझर प्रूफ, म्हणजे प्रिंटरवरचा नमुना, मोठं काढून बघितलं होतं, मस्त दिसत होतं. छापून आलं तर शाई थोडी पसरलेली आणि पांढऱ्या बारीक रेघा बुजलेल्या. पिशवीचं तर त्याहून वाईट, स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीत ती रेघ धरलीच नाही. 'भाजणी'तल्या 'ज'ची दांडीला जोडणारी रेघ गायब, त्यामुळे पोट एकीकडे आणि दांडी दुसरीकडे. काकूंनी चष्मा वर करून पिशवी डोळ्याजवळ नेली आणि म्हणाल्या, "अगं, हा 'ज' तुटलाय का गं?" मला इतकं वाईट वाटलं. छापणाऱ्याची काही चूक नव्हती, फाइलच मी तशी दिली होती.

त्यानंतर बसून विचार केला तेव्हा एक गोष्ट नीट कळली. बोरूने देवनागरी लिहिताना टोक तिरकं कापलेलं असतं, इंग्रजीच्या उलट बाजूला, त्यामुळे उभा काना आणि आडवी शिरोरेषा जाडीला जवळपास सारख्याच येतात, जाड-बारीक खेळ दिसतो तो वळणांत. बोडोनीच्या पद्धतीत मात्र उभं ते जाड आणि आडवं ते बारीक. हे लॉजिक देवनागरीला लावायचं तर शिरोरेषेचं काय करायचं? फार बारीक केली तर शब्द लोंबकळतो, जाड ठेवली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे जाड-बारीकचा तो फरकच, जातो. देवनागरीत फॅट फेस करणाऱ्याला हे प्रत्येक अक्षरात सोडवावं लागतं, म्हणून मला या लोकांबद्दल फार आदर आहे.

आता मी असं करते की हे अक्षर एका लेआउटमध्ये एकदाच, दोन-तीन शब्दांपुरतं, आणि बाकी सगळा मजकूर मुक्ता नावाच्या फॉन्टमध्ये, त्याला सात वजनं, म्हणजे जाडीचे सात प्रकार, आहेत आणि बारीक साइझलाही छान वाचता येतो. रिव्हर्समध्ये टाकायचं असेल तर आधी आउटलाइन करून, म्हणजे अक्षराचा आकारात बदल करून, सगळ्यात बारीक रेघ मोजते, अर्ध्या पॉइंटच्या खाली असेल तर साइझ वाढवते नाहीतर रिव्हर्सच काढून टाकते. ट्रॅकिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावत नाही, इंग्रजीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली तर चालतात पण आपल्याकडे शिरोरेषेलाच चिरा पडतात. दोन ओळी असल्या की मधे भरपूर जागा, 'मूर्ती'सारखा शब्द आला की वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, जाड अक्षरात हे सगळं एकमेकांत घुसतं. आणि हो, कुठलाही नवीन फॉन्ट घेतला की आधी 'ल' आणि 'श' टाइप करून बघते, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात आणि मराठी माणसाला ते लगेच खटकतं.

पिशव्या माझ्या खर्चाने पुन्हा छापून घेतल्या. या वेळी फक्त 'भाजणी', पिशवीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीला, मरून शाईत, कोऱ्या कापडावर. खाली काकूंचं नाव मुक्तात, बारीक. परवा लक्ष्मी रोडला एका बाईंच्या खांद्यावर ती पिशवी दिसली, मी रस्त्याच्या पलीकडे होते, तिथूनही वाचता आलं, आणि 'ज' अख्खा होता.