सही कुणाची चालणार?

मी आमच्या ख्रिस्ती पंथाच्या मध्यवर्ती मंडळात हिशेबनीस आहे. स्थानिक मंडळींच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, वह्या तपासायच्या, मध्यवर्ती निधीचा वाटा आला का ते बघायचं, एवढंच काम. त्या दिवशी मात्र सचिवांबरोबर एक ठराव घेऊन जावं लागलं: वाटा थकवणाऱ्या एका मंडळीच्या बँक खात्यावर यापुढे तिथल्या वडिलांऐवजी (वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ सभासद) मंडळाने नेमलेल्या दोघांच्या सह्या.

वडीलवर्ग जमूनच बसला होता. पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू, कोपऱ्यात, त्यांची बदली मंडळाच्या हातात, ते काय बोलणार? सर्वांत वयस्कर वडिलांनी ठराव वाचला आणि बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 14:23 काढलं: प्रत्येक मंडळीत वडील नेमले होते. सचिवांनी लगेच पुढचा अध्याय काढला. अंत्युखियाच्या मंडळीतला वाद शेवटी यरुशलेमेतल्या बैठकीतच मिटला ना?

"मिटला की," वडील म्हणाले, "पण तिथे प्रेषितांच्या जोडीला वडील बसले होते. तुमच्या बैठकीत आमच्यातलं कोण होतं?"

सचिव वही चाळत राहिले.

भांडण जुनंच आहे. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, सिनॉडच्या (मंडळींच्या वरच्या सभेच्या) अधिकाराचं अख्खं प्रकरण होतं. 1658 मध्ये लंडनच्या सॅव्हॉयला जमलेल्या, प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्यांनी आपल्या जाहीरनाम्यातून तेच गाळलं. दोघांच्या हातात बायबल एकच.

मी मात्र वह्या उघडल्या. दर रविवारच्या दानाखाली दोन वडिलांच्या सह्या, छपराच्या दुरुस्तीची एकूणएक पावती चिकटवलेली. वाटा थकला होता तो छपरापायी. अशा लोकांच्या हातून चेकबुक काढून घेणं मला पटलं नाही, पगार मंडळाचा घेत असलो तरी. अर्थात एकाच घराण्याने बळकावलेली मंडळीही मी पाहिली आहे. तिथल्या लोकांना दाद मागायला मंडळाखेरीज दार नव्हतं. तपासणीचा अधिकार वर हवाच, सहीचा कशाला?

तेवढ्यात एका तरुण वडिलांनी विचारलं, "इमारत कुणाच्या नावावर आहे?"

"मंडळाच्या ट्रस्टच्या," सचिव म्हणाले. त्यानंतर वचनं कुणीच काढली नाहीत.

शेवटी वडिलांनी ठरावाच्या प्रतीवर लिहून दिलं: "मिळाला. मान्य नाही. तपासणीला हरकत नाही. पुढच्या बैठकीत आमचे दोघे बसवा, मग बोलू." परतताना सचिव म्हणाले, अहवालात 'नकार दिला' एवढंच लिहा. मी वडिलांची चारही वाक्यं जशीच्या तशी उतरवली आणि सह्या बदलण्याचा बँकेचा फॉर्म कोराच जोडला.