बुद्धपौर्णिमेला श्रीलंकेत, दोन मोठी झालेली पोरं घेऊन

मे महिन्यात भुसावळ सोडून श्रीलंकेला जायचं म्हटल्यावर शेजारपाजारच्यांनी एकच धोशा लावला, "उन्हातून उठून उन्हात कशाला जाता? मनालीला जा." त्यांचं चुकत नव्हतं. पण आमच्या घरात श्रीलंकेचं नाव फार जुनं आहे. सासूबाईंनी विहारातल्या प्रवचनांत बोधिवृक्षाचं अनुराधापूर ऐकलेलं, आणि मी लहानपणापासून ऐकत आले की १९५० साली बाबासाहेब बौद्धांच्या जागतिक परिषदेसाठी कँडीला गेले होते. एकदा तरी तिथे जायचं, हे मनात पक्कं होतं.

पोरांच्या मनात मात्र थायलंड होतं. मुलीची दहावी नुकतीच झालेली, निकाल यायचा होता. मुलगा आठवीतून नववीत गेलेला. दोघांना समुद्र हवा होता, आणि "रोज देवळं नकोत" ही अट होती. या वयाची मुलं बरोबर येतात तेव्हा ती सामानासारखी येत नाहीत, त्यांना प्रवासात त्यांचा वाटा लागतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून जेवणाच्या ताटावर बसून ठरवलं: अनुराधापूर आजीचं आणि माझं, समुद्र पोरांचा, रेल्वे पप्पांची. सिगिरिया सगळ्यांचं.

समुद्र ठरवताना मुलीनेच नीट अभ्यास केला. श्रीलंकेला दोन पावसाळे. मे महिन्यात नैऋत्येचे वारे सुरू होतात, तेव्हा गॉल, मिरिसा ही दक्षिणेची प्रसिद्ध ठिकाणं खवळलेली असतात. पूर्व किनारा मात्र साधारण एप्रिल ते सप्टेंबर शांत असतो. आपल्या उन्हाळी सुट्टीत जायचं तर त्रिंकोमाली, निलावेली, अरुगम बे ही नावं बघावीत. बऱ्याच टूरवाल्यांच्या छापील पॅकेजमध्ये बाराही महिने तोच दक्षिण किनारा असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

बुद्धपौर्णिमेला आम्ही अनुराधापूरला होतो. तिथे तिला वेसाक म्हणतात. आदल्या दिवसापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कागदाचे आकाशकंदील, घराघरावर, सायकलच्या दुकानावर, पोलीस चौकीवरसुद्धा. दारूची आणि मटणाची दुकानं बंद. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. सासूबाईंनी पांढरं लुगडं नेलंच होतं. पोरांना मी पांढरे कुर्ते घ्यायला लावले होते, तेव्हा मुलगा कुरकुरला होता. तिथे पोचल्यावर त्याने आपणहून घातला.

श्रीमहाबोधी म्हणजे इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, बोधगयेहून आणलेल्या फांदीचा वृक्ष. उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याआड. फांद्या म्हाताऱ्या झाल्यात, त्यांना खालून सोनेरी टेकू दिलेत. वाळू अशी तापलेली की अनवाणी पाय टेकवत नव्हते, आणि आम्ही भुसावळची माणसं, आम्हाला उन्हाचं कौतुक नाही. मुलगी मला विचारत होती, संघमित्रा तेव्हा किती वर्षांची असेल, समुद्रातून कशी आली असेल, आणि भाऊ महिंद आधी येऊन थांबला होता म्हणजे ती भावाकडेच आली ना? "बघ, बहीण मागून येते आणि झाड घेऊन येते," असं तिने भावाला दोनदा ऐकवलं.

मग वंदना सुरू झाली. शेकडो माणसं खाली बसलेली, भिक्खूंचा आवाज लाऊडस्पीकरवरून येतोय, आणि सासूबाई एकदम ताठ झाल्या. नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स. चाल वेगळी, ओढून म्हणायची पद्धत वेगळी, पण शब्द आमच्या विहारातलेच. त्रिसरण झालं, पंचशील झालं. सासूबाई डोळे मिटून मोठ्याने म्हणत होत्या. शेजारच्या सिंहली बाईने मान वळवून बघितलं, आणि आपल्या द्रोणातली निम्मी निळी कमळं त्यांच्या ओंजळीत ठेवली. एकीला मराठीशिवाय काही येत नाही, दुसरीला सिंहलीशिवाय. "माय वं, इथंबी आपलीच वंदना," सासूबाई म्हणाल्या. घरी रविवारी विहारात ओठातल्या ओठात पुटपुटणारा माझा मुलगा तिथे खणखणीत आवाजात म्हणत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर थांबला असता. या वयाला तेवढं कळून वागावं लागतं.

संध्याकाळी दानसळ. वेसाकला रस्त्यारस्त्यावर मांडव टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. कुठे भात-आमटी, कुठे बेलफुलांचं गोड पाणी, कुठे चक्क आईस्क्रीम. आम्ही गाडीतून जात होतो तर पोरांनी हात दाखवून थांबवलं. रांगेत उभं राहून खाल्लं, आणि मग आमचं चौदा वर्षांचं पोरगं मांडवात शिरून पाण्याचे ग्लास भरून द्यायला लागलं. आपल्याकडे चौदा एप्रिलला चौकात सरबत वाटतात, तिथे तो हौसेने असतोच. इथे त्याला कुणी सांगितलं नाही, कुणी अडवलंही नाही. परदेशात गेल्यावर पोरं बुजतात म्हणतात. हा तासभर हलला नाही.

पण महाबोधीच्या दारातच एक गोष्ट झाली होती, आणि ती पुढे पूर्ण प्रवासभर आमच्याबरोबर राहिली. आत जाताना कडक तपासणी असते. मुलीने फोनवर शोधलं का असते ते. १९८५ च्या मे महिन्यात तमिळ वाघांनी, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई संघटनेने, अनुराधापुरात, याच पवित्र परिसरात, यात्रेकरूंवर गोळ्या चालवल्या होत्या. शंभराहून जास्त माणसं गेली. रात्री हॉटेलात तिने विचारलं, "मम्मी, हा बुद्धाचा देश ना? मग इथे सव्वीस वर्षं युद्ध कसं झालं?"

मला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतल्या लाखो तमिळ मजुरांना परकं ठरवलं. १९५६ साली फक्त सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला. १९८३ च्या जुलैत तमिळांची घरं-दुकानं जाळली, माणसं मारली. मग वाघांचे बॉम्ब, लष्कराचे हल्ले, आणि २००९ च्या मे महिन्यात शेवट, त्यातही हजारो साधी माणसं मेली. १९५६ ऐकून ती थांबली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, हे तिला पाठ आहे. "म्हणजे आपण ज्या वर्षी बौद्ध झालो, त्याच वर्षी इथल्या बौद्धांनी असं केलं?" हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सासूबाई पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "पहिलं शील कोन्तं? म्हन बरं." मुलगी म्हणाली, पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. जीवहिंसेपासून दूर राहीन. "ते म्हनलं की पाळा लागते," एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या.

मला वाटतं, मोठ्या होणाऱ्या पोरांना आपण श्रद्धेच्या जागी नेतो तेव्हा तिथलं वाईटही लपवू नये. लपवलं तर ती फोनवर वाचतातच, आणि मग आपल्यावरचा विश्वास जातो.

त्रिंकोमालीला समुद्र मिळाला. निलावेलीच्या किनाऱ्यासमोर पिजन आयलंड आहे, राष्ट्रीय उद्यान. होडीने जायचं, लाइफ जॅकेट घालायचं, तोंडाला नळी लावून पाण्यात डोकं घालायचं. तिथे प्रवाळ आहे आणि ते जिवंत असतं, त्यावर पाय ठेवायचा नाही, हे होडीवाल्याने दहादा बजावलं. पंखाच्या टोकाला काळी असलेली छोटी शार्क असते, माणसाच्या वाटेला जात नाही. मुलाला ती दिसली. बाहेर आला तेव्हा त्याला बोलताच येत नव्हतं, नुसते हात हलवत होता. मुलीला पोहता येत नाही, ती उथळ पाण्यातच होती, आणि नंतर होडीवाल्याशी गप्पा मारत बसली. तो तमिळ. युद्धाच्या काळात लहानपणी आईबापांबरोबर तमिळनाडूत मंडपमच्या छावणीत राहिलेला. मोडक्या इंग्रजीत त्याने तिला ते सांगितलं. काय काय बोलली ते मी विचारलं नाही. रात्री तिने डायरी लिहिली, तीही मी मागितली नाही.

खाण्याबद्दल थोडं. कोत्तू नावाचा प्रकार पोरांनी रोज मागितला. तव्यावर रोटी, अंडं, भाजी, कोंबडीचा रस्सा टाकतात आणि दोन लोखंडी पात्यांनी धडाधड तोडत राहतात. तो आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो, भूक नसली तरी पाय तिकडे वळतात. चव म्हणाल तर आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याला रस्सा भेटल्यासारखी. केळी बघून मात्र आम्ही थक्क झालो. रावेर-सावद्याच्या केळीच्या पट्ट्याशेजारी आयुष्य गेलेली माणसं आम्ही. तिथे साध्या टपरीवर लाल केळी, आंबटसर आंबुल, लहान गोड सीनी, मऊ कोलिकुट्टू, असे घड वेगवेगळे लटकवलेले. आपल्याकडे एवढी केळी पिकते, आणि बाजारात सगळीकडे एकच जात. मुलाने पप्पांना विचारलं, असं का? ते म्हणाले, ट्रकात टिकते ती लावतात.

सिगिरिया. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा खडकावरचा महाल, साधारण बाराशे पायऱ्या. सकाळी दार उघडताच चढायला लागा. पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत आहे. मधमाश्यांसाठी शांत राहा अशा पाट्या आहेत, त्या खऱ्या माना. वर जाताना खडकाच्या कपारीत अप्सरांची चित्रं आहेत. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे बघावीच लागतात. डोळे झुकलेले, बोटांत फूल धरलेलं. मुलगी म्हणाली, "ही तर अजिंठ्याची माणसं." अगदी तसंच. अजिंठ्याची मोठी चित्रलेणी पाचव्या शतकातलीच. आणि तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे, जहाज फुटून राक्षसिणींच्या बेटावर अडकतो, उडत्या पांढऱ्या घोड्यावर बसून सुटतो, मग सैन्य घेऊन त्या बेटावर परत जातो. ते बेट म्हणजे हेच. शाळेच्या सहलीत तिने ती भिंत पाहिली होती, तेव्हा गाईड घाईघाईने पुढे घेऊन गेला होता.

चित्रांच्या खाली आरशासारखी घोटलेली भिंत आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेल्या लोकांनी त्या अप्सरांवर त्यात कविता कोरल्यात. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये छापल्या. पोरांना हे फारच आवडलं. "म्हणजे फोटोखालच्या कमेंट्सच!" आता तिथे काही लिहिणं गुन्हा आहे, हेही दोघांना सांगितलं.

कँडीला दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या, विहारात मी थोडा वेळ एकटी बसले. बाबासाहेब आले होते ते हे शहर, एवढंच मनात होतं. मुलं बाहेर तळ्याकाठी होती, मी त्यांना आत ओढलं नाही.

कँडीहून डोंगरातल्या एल्लाला रेल्वेगाडीने गेलो, सहा-सात तास. आमचे हे भुसावळच्या रेल्वेत सिग्नल खात्यात आहेत. गाडी १८६७ मध्ये कँडीपर्यंत आली ती कॉफीसाठी, पुढे रोगाने कॉफी गेली आणि चहा आला, १९२४ मध्ये बदुल्ल्यापर्यंत रूळ पोचले. रूळ आपल्याच ब्रॉडगेजचे. एका स्टेशनवर यांनी मुलाला हाताला धरून खाली उतरवलं. स्टेशनमास्तर मोठ्या कड्याला लावलेली चामड्याची पिशवी ड्रायव्हरला देत होता. आत टॅब्लेट, म्हणजे पितळी चकती. ती ज्याच्या हातात, त्यालाच पुढच्या एकेरी रुळावर जाता येतं, म्हणून दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत. आपल्याकडे जुन्या माणसांनी अशाच परवान्याच्या धातूच्या गोळ्यावर गाड्या चालवल्या, तेच तत्त्व. हे सांगताना यांचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि पोरगं पहिल्यांदा पप्पांच्या नोकरीबद्दल प्रश्न विचारत होतं.

या गाडीवर भांडणही झालं. दारात बाहेर झुकून फोटो काढायची तिथे फॅशन आहे. मुलीला तो हवा होता. यांनी साफ नाही म्हटलं. तिथे पर्यटक पडून मेलेत, बोगद्याची भिंत आणि झाडं अगदी अंगाला येतात. ती रडली, तासभर बोलली नाही. आम्ही बधलो नाही. रेल्वेवाल्याच्या घरात हा विषय चर्चेचा नाही. कोणीही पोरांना तो फोटो काढू देऊ नये, हात जोडून सांगते. एल्लाच्या पुढे देमोदरापर्यंत गेलो, तिथे रूळ गोल वळसा घेऊन आपल्याच स्टेशनखालच्या बोगद्यातून जातात, तेव्हा ती खिडकीशी आली आणि राग गेला.

निकाल आम्ही परतल्यावर लागला. चांगला लागला. पाऊस थोडा कमी झाला की अजिंठ्याला जायचं तिनेच काढलंय. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून रविवार धरलाय, आणि या वेळी १७ क्रमांकासमोर गाईड नको, मी सांगते, असं तिचं म्हणणं आहे. आजीसाठी पायथ्यापासून पालखीवाले ठरवावे लागतील, ते काम नातवाकडे दिलंय.