बाभळीचा काटा आणि शास्त्राच्या बाई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं आणि मी लगेच होकार कळवला. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की प्रार्थना, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतल्या शेंगा, मिलच्या भोंग्यावर लावलेली घड्याळं हे सगळं इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला लिहायचंय ते शास्त्राच्या बाईंबद्दल. बाईंचं नाव इथे देत नाही. ऐंशीच्या दशकात शाळेत असलेल्या कुणालाही ते सांगावं लागणार नाही.

मी आज सोलापुरातच पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. रोज सकाळी रक्ताच्या काचा समोर येतात. त्यांवर लिशमन स्टेन या रंगद्रावणाचे थेंब टाकायचे, मग दुप्पट बफर पाणी, काच हलकेच हलवून दोन्ही एकजीव करायचं आणि सात-आठ मिनिटं थांबायचं. धुऊन वाळवली की तीच काच गुलाबी दिसते आणि तिच्यात तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच एखादी जांभळ्या केंद्रकाची पांढरी पेशी उठून दिसते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी अजून कंटाळा येत नाही. त्याचं सगळं श्रेय बाईंना आहे.

आम्ही नववीत होतो. हिवाळ्यातल्या खेळांच्या स्पर्धांआधी मैदान साफ करायचं काम आमच्या तुकडीकडे आलं होतं. मागच्या कुंपणाच्या बाभळी ज्यांना आठवतात त्यांना पुढचं सांगायला नको. एका मुलाच्या तळहातात काटा रुतला. काट्याचं टोक आतच मोडलं. तो पूर्व भागातला. घरी माग होते, शाळा सुटली की कांड्या भरायला बसायचा. हात दुखतो म्हणून सांगितलं तर काम कोण करणार, म्हणून त्याने घरी सांगितलंच नाही. दोनतीन दिवसांत तळहात टम्म सुजला, ठणका लागला, काखेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलं. वर्गातही त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. बाई मात्र वह्या बघत बाकांमधून फिरायच्या.

"काय रे, कालपासून वही कोरी का तुझी?"

"हात दुखतोय की, बाई."

बाईंनी हात उलटा केला, बघितला आणि तास तिथेच थांबवला. वर्ग मॉनिटरच्या हवाली करून त्या स्वतः त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी चिरा दिला, काटा काढला. दुसरी कुणी असती तर काम तिथेच संपलं असतं. बाईंनी डॉक्टरांकडे काचपट्टी मागितली आणि त्या पुवाचा एक पुसट थर तिच्यावर पसरून घेतला. आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी तेव्हा नवी पेठेत लॅब चालवत असे. त्याच्याकडून ती काच जिवाणू रंगवायच्या ग्रॅम पद्धतीने रंगवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्हा चारपाच जणांना तिथे नेलं. तो मुलगाही आला होता, हाताला पट्टी बांधलेला.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून आम्ही कांद्याची साल पाहिली होती, तलावाच्या पाण्यातले किडे पाहिले होते. पण काचेवर तेलाचा थेंब टाकून लेन्स त्या तेलात टेकवायची असते, हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आम्ही पुढे सरसावलो तर बाईंनी हाताने अडवलं. त्या मुलाला म्हणाल्या, "हे तुझं आहे. आधी तू बघ."

ते वाक्य मी विसरलेले नाही. पू म्हटलं की नाक मुरडायचं, फडकं लपवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आणि इथे बाई एका मुलाला त्याच्या हातातून निघालेला पू असा दाखवत होत्या, जणू त्याच्या अंगाने केलेलं काम त्याच्याच हाती सोपवत होत्या. तो बराच वेळ डोळा लावून उभा होता. मग माझी पाळी आली. फिकट गुलाबी पेशी, प्रत्येकीचं केंद्रक तीनचार खंडांत विभागलेलं, आणि त्यांच्या अवतीभवती जांभळे बारीक ठिपके, द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना लगडलेले. काही ठिपके पेशीच्या बाहेर होते. काही पेशीच्या आत. बाई मागून म्हणाल्या, "आतले मोज. बाहेरचे नकोत."

तेवढ्यात त्या मुलाने विचारलं, "बाई, यांना कळतं कसं, कुठं जायचं ते?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. बघून सांगते."

पुढच्या आठवड्यात त्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेल्या. तिथे कुणाकुणाला विनंती करून बसल्या, तपकिरी पुठ्ठ्याच्या वहीत टिपणं काढली आणि एक जादा तास घेऊन त्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं. नववीच्या परीक्षेत यातलं काहीच येणार नव्हतं. नंतर वैद्यकीय शिक्षणात मी हा विषय सविस्तर शिकले, पण त्या दिवशीचा सांगाडा कुठेही मोडावा लागला नाही.

काट्याबरोबर कातडीवरचे जिवाणू आत शिरतात. तिथे मुक्कामाला असलेल्या, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींशी त्यांची पहिली गाठ पडते. जिवाणूंच्या भिंतीवर असे काही रेणू असतात, जे आपल्या शरीरात कुठेच तयार होत नाहीत. ते ओळखले की मॅक्रोफेज रासायनिक निरोप सोडते. आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चिकट बनतं. वेगाने वाहत निघालेला न्यूट्रोफिल, म्हणजे आम्ही काचेवर पाहिलेली खंडित केंद्रकाची पांढरी पेशी, तिथे अडखळतो, घरंगळत हळू होतो, चिकटतो आणि अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. मग ज्या दिशेला ते रसायन अधिक, त्या दिशेला सरकत राहतो. जिवाणू स्वतःची प्रथिनं बनवताना जे तुकडे बाहेर टाकतो, त्यांचाही माग त्याला लागतो. बाई फळ्यावर बाण काढत म्हणाल्या होत्या, "चोरच वाटेत खुणा टाकत जातो, रे."

पोहोचल्यावरही लगेच गिळता येत नाही. काही जिवाणूंभोवती असं निसरडं आवरण असतं, की पेशीला पकडच मिळत नाही. तिथे रक्तातली प्रतिपिंडं आणि कॉम्प्लिमेंट ही प्रथिनं कामाला येतात. ती जिवाणूवर जाऊन बसतात आणि पेशीला धरायला जागा होते. लंडनमध्ये अल्मरॉथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांनी हे १९०३ साली दाखवून दिलं. एकदा पकड बसली की पेशीची कड जिवाणूच्या दोन्ही बाजूंनी वर चढते, टोकं जुळतात आणि जिवाणू एका पिशवीत बंद होतो. विकरांनी (एन्झाइमनी) भरलेल्या कणिका त्या पिशवीला भिडून आपला ऐवज तिच्यात ओततात. त्याच वेळी पेशी भराभर ऑक्सिजन वापरून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि त्यापासून पुढे हायपोक्लोरस आम्ल. ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकल्यावर जंतू मारणारं रसायन ते हेच. हे आम्ल बनवणारं विकर रंगाने हिरवं असतं. पिकलेल्या गळवाच्या पुवाला हिरवट झाक येते ती त्यामुळे. काम झालं की न्यूट्रोफिल बहुधा तिथेच मरतो आणि मेलेल्यांना मॅक्रोफेज गिळून जागा साफ करते.

काखेतल्या अवधाणाचाही उलगडा यातच आहे. डेंड्रायटिक नावाच्या पेशी गिळलेल्या जंतूंचे तुकडे घेऊन जवळच्या लसीका ग्रंथीत जातात आणि तिथल्या लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना ते दाखवतात. त्या पेशी वाढायला लागल्या की गाठ सुजते. राल्फ स्टाइनमन यांनी या डेंड्रायटिक पेशींचं वर्णन १९७३ साली केलं होतं. बाईंच्या वहीत ते नव्हतं, आमच्या नववीच्या वर्गात ते कुठून असणार!

हे सगळं सुरू कुठून झालं, तेही बाईंनी सांगितलं. १८८२ साली इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीत मेसिना इथे राहत होता. घरची माणसं सर्कस बघायला गेली होती. तो सूक्ष्मदर्शकापाशी एकटा होता, समोर तारामाशाच्या पारदर्शक अळ्या. त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्या अळ्यांच्या अंगात खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं तर काट्यांभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केलेली. काटा या शब्दावर आमचा अख्खा वर्ग त्या मुलाकडे वळून बघत होता आणि तो हसत होता. मेचनिकॉव्हला १९०८ साली पॉल एर्लिकबरोबर नोबेल मिळालं. ओडेसामधला त्याचा विद्यार्थी वॉल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आला. प्लेगची लस त्याने तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आम्ही ऐकलं होतं, पण त्याचं नातं सिसिलीतल्या गुलाबाच्या काट्याशी आहे हे बाईंमुळे कळलं.

आणि सोलापूरचं पोर म्हटलं की डॉ. कोटणीस आलेच. त्यांचा जन्म इथला, १९१० चा, आणि १९३८ साली ते चीनला गेले, हे आपल्याकडे पहिलीपासून ऐकवतात. बाईंनी त्यात आणखी एक गोष्ट घातली. कोटणीस पुढे ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले ते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाचं होतं, आणि हे बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापल्याने गेले. बोटाच्या जखमेतून विष रक्तात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये मृत्यू आला. पेनिसिलिन तेव्हा मिळत नव्हतं. तेव्हा भरवसा फक्त या पेशींचा, आणि कधी कधी त्या कमी पडतात, असं बाई म्हणाल्या तेव्हा वर्गात कुणीच बोललं नाही.

त्या कमी पडतात म्हणजे काय होतं, ते मी आता रोज बघते. कॅन्सरची औषधं चालू असलेल्या एखाद्या पेशंटच्या रक्तात न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली आले तर छापील रिपोर्टची वाट न बघता मी स्वतः डॉक्टरांना फोन करते. अशा माणसाला सणकून ताप येतो, पण गळू पिकत नाही, पू होत नाही. पू करायला पेशीच नसतात. ज्याला आम्ही लहानपणी घाण म्हणत होतो, ती दिसत नाही म्हणून जीव घाबरा होतो. क्षयाचं उलट आहे. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जिवाणू १८८२ मध्येच जाहीर केला, मेचनिकॉव्हच्या काट्यांच्याच वर्षी. हा जिवाणू मॅक्रोफेजच्या पोटात जातो आणि पिशवीत विकरं ओतलीच जाऊ नयेत अशी व्यवस्था करून आत जिवंत राहतो. मग त्याला कोंडण्यासाठी पेशींचे थरावर थर जमतात. मानेच्या गाठीतला तुकडा तपासायला येतो तेव्हा ते थर दिसतात. काचेवर मोठमोठ्या अनेक केंद्रकांच्या पेशी दिसल्या की मी शिकाऊ टेक्निशियन मुलींना बोलावते आणि बाजूला होऊन आधी त्यांना बघू देते.

आमच्या लॅबमध्ये शिकून गेलेल्या मुली आज लातूर, कलबुर्गी, पुणे अशा ठिकाणी काम करतात. डिजिटल मशीन पेशींचे आकडे काढून देतं, तरीही त्या शंका आली की काच रंगवून डोळ्यांनी खात्री करतात. मला याचा फार अभिमान आहे आणि तो मी बाईंना कळवलेला आहे. बाई निवृत्तीनंतर मुलीकडे पुण्यात असतात. न्यूट्रोफिल मरता मरता स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतूंना अडकवतात, हे २००४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. त्याबद्दल मी फोनवर सांगितलं तर बाईंनी पहिला प्रश्न केला, "तो मुलगा कुठे असतो गं? त्याला कळव." त्याला कळवलं. तो आता आपला यंत्रमागाचा कारखाना सांभाळतो. काट्याचा व्रण तळहातावर अजून आहे म्हणाला.

गेल्या वर्षी शाळेत जाऊन आले. प्रयोगशाळेच्या खोलीत आता मोठा पडदा लावलाय. त्यावर पांढरी पेशी जिवाणूला गिळते त्याचं चलचित्र दाखवतात, चित्र सुंदर आहे. पण सूक्ष्मदर्शक कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली सापडत नव्हती. मला वाईट वाटलं, आणि ते मी इथे लिहिणार आहे. चलचित्रातली पेशी कुणाचीच नसते. मुलाने स्वतःच्या रक्ताची, स्वतःच्या डबक्यातल्या पाण्याची काच बघायला हवी, दिसेल ते वहीत काढायला हवं, आणि न कळलेलं विचारायला हवं. शिक्षकाने "माहीत नाही, बघून सांगते" म्हणायला हवं आणि खरंच बघून सांगायला हवं.

म्हणून अमृतमहोत्सवानिमित्त मी रंगवलेल्या काचांची एक पेटी शाळेला दिली आहे. नेहमीचं रक्त, पुवातले न्यूट्रोफिल, क्षयाच्या गाठीचा छेद, मलेरिया, सगळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. सोबत तेलाच्या लेन्सचा एक सूक्ष्मदर्शक आहे. तो खिडकीजवळच्या टेबलावर, कुलपाबाहेर ठेवावा अशी मुख्याध्यापकांना विनंती. वापर झाला की लेन्स मऊ कागदाने पुसावी, स्पिरिट लावू नये. तेलाची बाटली संपली की निरोप द्या, मी दुसरी पाठवते.