बिजागरीखालचा हिरवा

"काकू, रंग जुन्यासारखाच ना?" असं मी विचारलं आणि त्या "हो, अगदी तसाच" म्हणाल्या. दोघांच्या मनातला हिरवा वेगवेगळा होता, हे खिडक्या बसल्यावर कळलं. महिना झाला, पण ते काम डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करतो. हे काम एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याचं. दर्शनी बाजूला सात सागवानी खिडक्या. त्यातल्या तीन पावसाचा मारा खाऊन खालून कुजलेल्या, चार धडधाकट. त्या चार काढायच्या नाहीत, असं काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं. मला ते पटलं. चांगलं सागवान मोडीत काढायला लावणारे आमच्या धंद्यात आहेत आणि त्यांचा मला राग येतो.

प्रश्न रंगाचा. अ‍ॅल्युमिनियमला हवा तो रंग मिळतो अशी लोकांची समजूत असते. त्यावर रंगाची कोरडी पावडर मारून ती भट्टीत भाजतात. ऑईलपेंट रंगारी डब्यात ढवळून जुळवतो, तशी ही पावडर जुळवता येत नाही. दोन हिरव्या पावडरी एकत्र केल्या तर भट्टीतून चौकटीचा सेक्शन बारीक ठिपक्यांचा होऊन बाहेर येतो. खास शेड करून घ्यायची तर पावडरवाला पंचवीस किलोच्या खाली बोलेना, आणि तीन खिडक्यांना चार किलोसुद्धा खूप. मग उरतं राल कार्ड, म्हणजे ठरलेल्या रंगांचे नमुने आणि त्यांचे आकडे. जर्मनीत १९२७ साली चाळीस रंगांनी सुरू झालेली ही यादी आज दोनशेच्या वर गेली आहे. हिरव्यांचे आकडे सहापासून सुरू होतात.

फोनवर फोटो मागवून शेड ठरवणारे फॅब्रिकेटर मी पाहिलेत. मी तसं कधी केलेलं नाही. मी एका झडपेच्या बिजागरीचे स्क्रू सोडवले, पितळी पान उचललं. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. खाली गर्द, तुकतुकीत हिरवा. नखाएवढी खपली ब्लेडने उचलून कागदात बांधली. वर्कशॉपात कार्डावर लावली तर ६००९ शी तंतोतंत जुळली. भोसरीच्या कोटरकडून, म्हणजे पावडर चढवणाऱ्याकडून, नमुन्याची पट्टी करून घेतली. संध्याकाळी काकूंच्या दिवाणखान्यात, दिव्याखाली, पट्टी आणि खपली शेजारी ठेवली. त्यांनी मान डोलावली. मी सेक्शन कोटिंगला पाठवले.

खिडक्या बसवल्या त्या दिवशी सकाळी भिंतीवर सावली होती, तोवर सगळं ठीक वाटलं. अकराच्या सुमारास ऊन आलं. जुन्या चार खिडक्या फिकट, शेवाळी, जवळजवळ राखाडी दिसायला लागल्या. नव्या तिन्ही काळ्या. त्यांत हिरवा शोधावा लागत होता. जुन्या झडपेवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरट भुकटी लागली. वर्षानुवर्षांच्या उन्हाने तेलरंगातला चिकटा मरतो, वर खडूसारखा थर येतो आणि तोच रंग फिका दाखवतो. हे मला ठाऊक होतं. तरीही मी नमुना उन्हात नेला नाही.

काकू अंगणातून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आमचा रंग नाही रे."

कोटरला फोन केला. "कोड बरोबर आहे ना? मग झालं," म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. कोड जुळला होता, खपलीही त्याच घराची होती. पण काकू रोज बघतात तो रंग बिजागरीखाली नव्हता.

त्या दिवशी खरं काम केलं आतल्या भिंती रंगवायला आलेल्या रंगारीमामांनी. ते काही न बोलता आले, फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि जुन्या झडपेवरून फिरवलं. पुसलेल्या पट्ट्यात बिजागरीखालचा हिरवा वर आला, शेजारच्या नव्या खिडकीसारखाच. मिनिटभरात वाळून पुन्हा फिका झाला. काकूंनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतः पुसून बघितलं. दोनदा.

"मी या घरात आले तेव्हा असा होता," त्या म्हणाल्या.

मी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. जुन्या चार माझ्या खर्चाने नव्या रंगात रंगवून देतो, नाहीतर तीन नव्या काढून, कोट उतरवून, ६०११ मॅटमध्ये, म्हणजे फिकट राखाडी हिरव्यात, परत करतो. दुसऱ्यात माझं बरंच नुकसान आहे, पण खिडक्या मी दिल्या आहेत. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. "पाऊस लागू दे. भिजल्यावर सातही एकसारख्या दिसतील का ते मला बघायचंय."

६००९ आणि ६०११, दोन्हींच्या नमुन्याच्या पट्ट्या मी त्यांच्या खिडकीच्या गजाला तारेने बांधून आलो आहे. काल त्यांचा फोन आला होता. वळीव येऊन गेला, पण रात्री आला, म्हणाल्या. दिसलं काहीच नाही.