हनुवटीपर्यंतचा दांडा

दिवाळी उरकली की तुळशीच्या लग्नापर्यंत जे चार मोकळे दिवस मिळतात, त्यात माझा दादा त्याच्या मंगल कार्यालयाची वर्षाची खरेदी करून टाकतो. पराती, जग, बसकरपट्ट्या, फिनेलचे कॅन. यादी त्याची, पिशव्या माझ्या. यंदा यादीच्या तळाला लिहिलं होतं, ‘मॉपचे दांडे, २ डझन’. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत भर दुपारी, टेम्पो आणि हातगाड्यांतून अंग चोरत चालताना दादा म्हणाला, “हे काय, पाच मिनिटांचं काम आहे.”

पाच मिनिटांचं काम माझ्यासोबत असताना पाच मिनिटांत होत नाही, हे त्याला पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही.

दुकानदाराने पहिला प्रश्न केला, “घरगुती का कमर्शियल?” घरगुती म्हणजे ते गुलाबी-जांभळे, तीन तुकडे एकात एक फिरवून जोडायचे. जोडताना झकास वाटतात. पुसायला लागलं की आपण फरशीवर एक इंग्रजी आठ काढतो, तेवढ्यात सांध्याचा अर्धा आटा उलगडतो. शेवटी निम्मा दांडा आपल्या हातात आणि निम्मा फडक्यासकट सोफ्याखाली. यावर आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे सांध्यात एक खिळा ठोकणे. मग तो खिळा कुणाच्या तरी तळव्यात जातो. असो.

कमर्शियल दांडा अखंड असतो. साडेचार फुटी अॅल्युमिनियमची नळी, वर प्लॅस्टिकचं टोपण, टोपणाला खुंटीवर अडकवायचं भोक आणि खाली जाड सुताचा झुपका धरणारा जबडा. या प्रकाराला बाजारात ‘केंटकी’ म्हणतात. अमेरिकेतल्या त्या राज्याचा आणि रविवार पेठेचा संबंध विचारायच्या फंदात कुणी पडत नाही. जबडा चार रंगांत येतो. लाल संडास-बाथरूमला, निळा हॉलला, हिरवा स्वयंपाकघराला, पिवळा बहुतेक ठिकाणी बेसिनच्या बाजूला. हॉस्पिटलं आणि मोठी हॉटेलं हे रंग पाळतात. दादा म्हणाला, “लग्नात कोण रंग बघतंय? सगळे निळे द्या.” मी म्हटलं, भटारखान्यात फिरलेला आणि संडासात फिरलेला दांडा एकाच कोपऱ्यात, एकाच रंगाचा उभा असेल, तर रात्री अकराला दमलेलं माणूस कुठला उचलेल ते तूच सांग. लाल आणि हिरवे वेगळे घेतले गेले.

मग माझी खोड आडवी आली. दांडा दिसला की मी तो उभा करून हनुवटीला लावून बघते. दुकानात, ऑफिसात, दवाखान्यात कोपऱ्यात एखादा दिसला तरी. दादा अशा वेळी मी दुसऱ्याच कुणाची तरी बहीण असल्यासारखा बाजूला सरकतो. पण नियम तोच आहे: उभा धरला की टोक हनुवटीच्या आसपास यावं, फार तर नाकापर्यंत. खाली राहिला तर कमर जाते, वर गेला तर खांदे जातात. कारण ओला मॉप नुसता पुढेमागे ढकलायचा नसतो. इंग्रजी आठ काढत, उलटं चालत मागे यायचं असतं, म्हणजे पुसलेल्या फरशीवर आपलीच पावलं उमटत नाहीत. सुकं सूत चारशे ग्रॅमचं असलं तरी पाणी प्यायल्यावर दुपटीतिपटीने जड होतं, आणि ते ओझं दांड्याच्या टोकाला लोंबकळत असतं. हातभर जास्तीचा दांडा मागे भिंतीला, खांबाला, क्वचित वरपक्षातल्या एखाद्या मामांच्या बरगडीला लागतो.

मी हाताने, बोटांनी, टिचकीने सगळं तपासलं. कच्च्या अॅल्युमिनियमवरून ओला तळवा फिरवला की काळपट रंग उतरतो. दिवसभर धरणारीच्या हाताला तो चिकटतो, मग पदराला, मग डब्यातल्या पोळीला. ज्यावर पक्का लेप आहे तो असा उतरत नाही. फायबरचा दांडा हलका आणि चिवट, विजेचंही भय नाही. पण जुना झाला की त्याचे बारीक तंतू सुटतात आणि हातभर खाज सुटते. लाकडाचा हाताला सगळ्यात गोड लागतो. पण पाणी पितो, फुगतो, चिरतो, आणि एखादी कूस नखाखाली गेली की त्याची गोडी तिथेच संपते. दवाखान्यांत तो नकोच, भेगांत काय काय राहत असेल कोण जाणे. दुकानदाराने शेवटी खुर्ची पुढे सरकवली. “ताई, बसा तुम्ही. सगळे दाखवतो.”

लाकडाच्या दांड्यावर हात फिरवताना मला आबा आठवले. माझे आजोबा. कुदळीचा दांडा ते स्वतः निवडत. धावड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर बाभळीचा. आठवडी बाजारात दांड्यांच्या मोळीपुढे उकिडवे बसत. एकेक दांडा डोळ्यांशी आडवा धरून टोकापासून टोकापर्यंत बघत, सरळ आहे की नाही. मधे गाठ दिसली की बाजूला. रेषा लांबीत धावताहेत की तिरक्या सुटल्यात, तेही बघत. तिरक्या असतील तर तिथेच मोडतो म्हणत. घरी आणून सावलीत वाळवायचा, काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत करायचा, तेल पाजायचं, पाचर ठोकायची आणि रात्रभर कुदळीचं तोंड पाण्यात बुडवून ठेवायचं. लाकूड फुगून घट्ट बसतं. मॉपच्या दांड्याचा जो दुर्गुण, तोच तिथे गुण. शेजाऱ्याने कुदळ मागितली तर आबा देत, पण जावयाला बैलगाडी द्यावी तशा चेहऱ्याने. त्यांच्या मापाचा दांडा होता तो. दुसऱ्याच्या हातात गेला की बिघडतो अशी त्यांची पक्की समजूत.

त्याच घरात फरशी पुसायला, म्हणजे जमीन सारवायला, दांडा असं काही नव्हतंच. केरसुणी हातभर. पोतेरं म्हणजे फाटक्या धोतराचा बोळा. गावात कार्य असलं की पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा व्हायच्या, खरकटं निघायचं, आणि मग आजी आणि तिच्या दोन-तीन जावा बांगड्या कोपरापर्यंत सरकवून शेणगोळा फिरवायला बसायच्या. उकिडव्या, एका ओळीत, भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत. उलटंच. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आज तेच शिकवतात. हाताच्या प्रत्येक फेऱ्याचा ओला अर्धगोल उमटायचा, त्याला लागून दुसरा. सारवण्याआधी राहिलेली शितं वेचायचं काम आम्हा पोरांचं. आमटीत भिजलेलं शीत जमिनीला असं धरून बसतं की नखाने उचकटावं लागतं. दुसरी पंगत बाहेर ओट्यावर पान-सुपारीच्या गप्पांत ताटकळलेली, “झालं का गं?” असा आवाज आतून-बाहेरून. जमीन सुकते न सुकते तोच पाट मांडले जायचे. या सगळ्यात आजी ताठ उभी राहिलेली मला काही केल्या आठवत नाही. आठवते ती वरून दिसणारी तिची पाठ.

कुदळ, कुऱ्हाड, फावडं यांना दांडे. केरसुणी, पोतेरं, खुरपं यांना एक मूठ, बस्स. कोण काय धरायचं ते बघा आणि मग दांड्याची लांबी बघा. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो आपण, लांबी मात्र कुणी वाढवली नाही. आणि मॉपला तर हळदकुंकूही नाही. खंडेनवमीला दादाच्या कार्यालयात जनरेटरला झेंडूची माळ असते, गॅसच्या भट्ट्यांना असते, पाण्याच्या मोटरला असते. मॉप मोरीत.

स्पेनमध्ये १९५६ साली मानुएल हालोन कोरोमिनास नावाच्या इंजिनिअरने दांड्याचं फडकं आणि पिळायची बादली बाजारात आणली. हा माणूस विमानांच्या क्षेत्रातला. तोवर तिथल्या बायका गुडघ्यांवर बसून फरशा घासत होत्या. अमेरिकेत तर थॉमस स्ट्यूअर्ट यांनी १८९३ मध्येच मॉपचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे काठीला फडकं बांधावं हे सुचायला काही फार मोठी अक्कल लागत नव्हती. सुचलं कधी, यापेक्षा कुणाला गरज वाटली कधी, हे बघण्यासारखं आहे.

दुकानात दादाने शेवटी डझनाचा भाव पाडून घेतला आणि सगळे एकाच मापाचे उचलले, साडेचार फुटी. मी म्हटलं, मावशींना विचारलंस? त्याने माझ्याकडे, बिर्याणीला तांदूळ कुणाला विचारून भिजवू, अशा नजरेने पाहिलं. कार्यालयातल्या मावशींपैकी तिघींची उंची पाच फूट व्हायच्या आतच थांबलेली. साडेचार फुटी दांडा, त्यात खालचा जबडा, म्हणजे टोक जवळजवळ त्यांच्या डोक्याची बरोबरी करतं. त्यातल्या एकीने गेल्या वर्षी शहाणपणा केला. लेकाकडून हॅक्सॉने वीतभर दांडा कापून घेतला, टोपण परत ठोकून बसवलं, आणि धरायच्या दोन्ही जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. उन्हात बसून गुंडाळली असावी, इतकी घट्ट आणि एकसारखी. काम झालं की तो दांडा जनरेटरच्या खोलीमागे लपवून ठेवते, दुसरीने उचलू नये म्हणून. दादाला तो सापडला तेव्हा त्याचं म्हणणं, “अख्खा दांडा वाया घालवला.” मी तो हातात घेतला. आबांना आवडला असता.

दांड्याच्या लांबीचं प्रकरण कोर्टात गेल्याचंही उदाहरण आहे. कॅलिफोर्नियात भाजीपाल्याच्या शेतांत मजुरांना हातभर दांड्याचं खोरं देत. खुरपायला, विरळणी करायला दिवसभर कमरेत वाकून. त्यांत मेक्सिकन मजूर पुष्कळ, ते त्याला ‘एल कोर्तितो’, म्हणजे बुटकं, म्हणत. माणसांच्या पाठी कायमच्या गेल्या. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने कौल दिला आणि ते खोरं बंद झालं. मळेवाल्यांचं म्हणणं होतं की आखूड दांड्याने काम नेमकं होतं. मजूर दुसरं कारण सांगत: सगळे वाकलेले असले की बांधावरच्या मुकादमाला एका नजरेत कळतं, कोण उभा आहे. उभा दिसला की कामचुकार.

हे वाचल्यापासून हनुवटीच्या नियमाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. कमरेचं खरंच आहे, पण दांडा हनुवटीपर्यंत असला की त्यावर दोन्ही पंजे ठेवून, पंजांवर हनुवटी ठेवून क्षणभर टेकता येतं. ही सोय कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

दादाने मध्यंतरी कार्यालयात कॅमेरे बसवले. चोऱ्यांसाठी म्हणतो. ऑफिसात बसून चहा पिता पिता जेवणाच्या हॉलचा चौकोन मोठा करतो. परवा दुसरी पंगत उठल्यावर त्याने मला बोलावलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

“ही बघ, किती वेळ अशीच उभी आहे.”

“पुसतेय,” मी म्हटलं.

“कुठे पुसतेय? हलत तरी आहे का?”

“दादा, चहा गार होतोय तुझा.”