दोरी सुटली तर?

धनुष्य दुरुस्तीला घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा निदान स्वतःच करून आलेला असतो. ते गृहस्थही तसेच आले. कंपाऊंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाकं आणि केबली असलेलं, टेबलावर ठेवलं, शेजारी ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची पातेदार टोकं, लावलेले बाण मांडले आणि म्हणाले, "मॅडम, ही टोकं बदलून द्या. सरळ जातच नाहीत." सरावाची साधी टोकं लावली की सगळे बाण मुठीएवढ्या जागेत बसतात, आणि शिकारीची पाती लावली की मधूनच एखादा भलतीकडे निघून जातो, ही त्यांची तक्रार.

ब्रॉडहेडला शिव्या सगळेच घालतात. खरं तर ते बिचारं फक्त चहाडी करतं. बाणाच्या पुढच्या टोकाला पाती आली की त्यांनाही हवा लागते. मग सुटताना बाण किंचित जरी वाकडा असला, तर मागची पिसं त्याला सरळ करायच्या आत पुढची पाती त्याला ओढून नेतात. साध्या टोकावर तोच दोष झाकला जातो. म्हणून टोकं बदलायची गोष्ट मी बाजूला ठेवली आणि धनुष्य हातात घेतलं.

मध्येच त्यांनी, न विचारताच, सांगितलं की शेवटचा बाण हरणाला मांडीत लागला होता. अंधार पडेपर्यंत माग काढला, दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पण त्यानंतर माझ्या लेखी हे काम साध्या दुरुस्तीचं राहिलं नाही.

आधी कागद लावला. चौकटीत ताणलेल्या कागदातून जवळून बाण मारायचा आणि भोक वाचायचं, ही आमची सगळ्यात जुनी तपासणी. पहिलं भोक सुरेख आलं: मध्ये एक गोल, त्याला पिसांच्या तीन चिरा. पुढचंही तसंच. त्यानंतरच्या बाणाने मात्र कागद वरच्या बाजूला फाडला, म्हणजे बाणाची शेपटी वर उचललेली होती. मला खटकलं ते फाटण्यापेक्षा बदलणं. दर वेळी एकसारखं फाटत असेल तर कुठेतरी स्क्रू फिरवायचा असतो, काम संपलं. कधी फाटतं आणि कधी नाही, म्हणजे धनुष्यावरची एखादी हलणारी वस्तू दर वेळी वेगळी वागते आहे. बाणाचा ताठपणा धनुष्याच्या ताकदीला जुळत होता, नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच, स्ट्रिंगवर नीट बसत होता, दोन्ही कॅम, म्हणजे टोकांची चाकं, बरोबर फिरत होते. उरलं ते ॲरो रेस्ट, म्हणजे बाणाचा टेकू.

त्यांचं रेस्ट ड्रॉप-अवे जातीचं होतं, केबलवर चालणारं. बाण ज्याच्यावर टेकतो तो लहानसा दुबेळका, म्हणजे लाँचर, एरवी आडवा पडलेला असतो. स्ट्रिंग ओढताना एक केबल खाली सरकते, तिला बांधलेली बारीक दोरी लाँचरला ओढून उभं करते. हे उभं राहणं ओढीच्या शेवटच्या एक-दोन इंचांत पूर्ण होतं. बाण सोडला की केबल परत वर जाते, दोरी सैल पडते, लाँचर खाली पडतो आणि पिसं कशालाही न घासता निघून जातात. बाण स्ट्रिंगवरून सुटेपर्यंतचा हा सगळा खेळ सेकंदाच्या एक-दोन शतांश भागात होतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबण्यात अर्थ नसतो.

म्हणून पावडर. पायांच्या बुरशीवर मारायची ती फवाऱ्याची पांढरी पावडर; धनुष्याच्या कामात तिच्याइतकी प्रामाणिक वस्तू मी पाहिलेली नाही. पिसांवर, लाँचरवर आणि रायझरच्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाच्या, कट्ट्यावर फवारली, सुकू दिली आणि त्यांना म्हटलं, मारत राहा. फसलेल्या बाणानंतर लाँचरवरची पावडर जशीच्या तशी होती, पण कट्ट्यावर एक स्वच्छ ओरखडा आणि खालच्या पिसाची कडा पुसलेली. बाण लाँचरला नव्हे, कट्ट्याला घासत होता. लाँचर पूर्ण वर येतच नव्हता.

मी बाजूला उभी राहिले आणि त्यांना धनुष्य ताणून धरायला सांगितलं. सोडू नका, नुसतं धरा. सुरुवातीला लाँचर ताठ उभा. तेही धनुष्य अगदी शेवटपर्यंत, भिंतीला टेकल्यासारखं ओढून उभे होते. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने खांदा थकला, हात जेमतेम अर्धा इंच पुढे आला, आणि डुलकी लागलेल्या माणसाची मान कलावी तसा लाँचर हळूच कलला. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. त्यांची नजर नेम धरायच्या साईटमध्ये होती.

सरावाला माणूस ओढतो, नेम धरतो, सोडतो. जनावरासमोर तसं होत नाही. हरीण झाडाआड थांबतं, मान वर करतं, आणि आपण ताणलेल्या धनुष्यानिशी वाट बघत राहतो. टोकांचा यात काही संबंध नव्हता. शिकारीत त्यांचा हात पुढे सरकत होता आणि रेस्टला तेवढी चूक पोटात घालण्याइतकी जागा उरली नव्हती. का उरली नाही, तेही दिसलं. दोरी केबलला एका चिमुकल्या क्लॅम्पने धरलेली होती. क्लॅम्पच्या खाली केबलवर मेण निघून गेलेला, दबून चपटा झालेला एक पट्टा होता. क्लॅम्प आधी तिथे होता. दर ओढीला दोरीचा ताण त्याला केसभर वर खेचत गेला आणि दोरी आपोआप लांब झाल्यासारखी झाली.

"म्हणजे रेस्ट खराब," ते म्हणाले. "तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं रेस्ट लावा." आणि काचेमागच्या एका देखण्या रेस्टकडे बोट दाखवलं, वर-खाली आणि आजूबाजूला बारीक आटे, प्रत्येक आट्याला टकटक आवाज.

हा प्रश्न मला नेहमी उलटा विचारावासा वाटतो. चालू असताना कोणतंही बऱ्यापैकी रेस्ट चांगलंच चालतं. सूक्ष्म आट्यांचा उपयोग लावताना, एकदाच. शिकाऱ्याने विचारायचं ते असं की हे बिघडेल तेव्हा काय करेल? पारंपरिक लाँगबोवाल्यांना ही चिंताच नसते. कट्ट्यावर केसाळ कातडं किंवा गालिचाचा तुकडा चिकटवला की झालं, फक्त बाणाला खरी पिसं हवीत. ती कट्ट्यावर दबतात, प्लास्टिकची उसळी मारतात. १९६९ मध्ये हॉलेस विल्बर ॲलन यांना कंपाऊंड धनुष्याचं पेटंट मिळालं आणि धनुष्यावर केबली आल्या. त्यामुळेच पुढे केबलला रेस्ट बांधायची सोय झाली, आणि बिघडायचीही.

पहिला पर्याय मी ब्रशच्या कड्याचा सांगितला. बाण केसांच्या गोल कड्यातून ओवलेला राहतो, धनुष्य उलटं केलं तरी पडत नाही, हलणारा भाग एकही नाही. नवशिक्याला आणि झुडपांतून सरपटणाऱ्याला मी डोळे मिटून हेच देते. वेग थोडा कमी होतो, त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही. पण यांची शिकार कडाक्याच्या थंडीत, पहाटे दव गोठतं अशा जागी. भिजलेले केस गोठले की त्यांची कडक खुंटं होतात आणि पिसांना मार बसतो. शिवाय खालचे केस झिजले की बाण नकळत खाली बसतो. नको.

मग दोन धनुष्यं काढली. एकावर केबलचं ड्रॉप-अवे, दुसऱ्यावर लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहीवर, चालणारं. दिसायला सारखीच, मात्र यंत्रणा बरोबर उलट. लिम्बच्या रेस्टमध्ये स्प्रिंग लाँचरला सतत वर ढकलत असते आणि लिम्बला बांधलेली दोरी त्याला खाली दाबून ठेवते. ओढायला लागलं की लिम्ब वाकतो, दोरी सैल पडते, लाँचर लवकरच उभा राहतो आणि मग हात अर्धा इंच पुढे आला काय, नाही आला काय, त्याला फरक पडत नाही. बाण सुटला की लिम्ब झटक्यात जागेवर येतो आणि दोरी लाँचरला खाली खेचते.

त्यांच्यासमोर मी दोन्ही दोऱ्या सोडल्या. जवळच्या लक्ष्यावर, साध्या टोकाने. केबलच्या धनुष्यावर लाँचर मेल्यासारखा पडून राहिला, बाण कट्ट्यावर खडखडला आणि कुठच्या कुठे लागला. तो बाण मी लगेच उचलून चारी बाजूंनी वाकवून कानाशी धरला. कार्बनच्या बाणाने असा मार खाल्ला की तडा ऐकल्याशिवाय पुन्हा स्ट्रिंगवर चढवायचा नाही. लिम्बच्या धनुष्यावर लाँचर उभाच राहिला. पिसं घासली, आवाज झाला, पण बाण नेमापासून तळहाताच्या आत होता.

ते बराच वेळ त्या बाणाकडे बघत होते. मग म्हणाले, "हेच लावा."

खोटं कशाला सांगू, याच्याही कटकटी आहेत. लिम्बपर्यंतची दोरी उघडी असते, फांदीत अडकते. धनुष्य न ताणता लाँचर आडवाच असतो, म्हणून बाण अडवून धरणारी कडी असलेलंच रेस्ट निवडलं. लाँचर उशिरा पडतो, तेव्हा पिसांना पुरेशी वाट मिळते का ते पुन्हा पावडर मारून बघितलं. बर्जर होलमध्ये, रायझरवर रेस्ट बसवायच्या त्या ५/१६ इंची भोकात, बोल्ट कसला. लाँचरवरचा फेल्ट बदलून घेतला, कारण उघड्या धातूवर कार्बन घासल्याचा किर्रर्र आवाज शांत पहाटे हरणाला आपल्याआधी ऐकू येतो. कागदावर भोकं एकसारखी आल्यावर साधं टोक आणि ब्रॉडहेड आळीपाळीने मारायला लावले. दोन्ही एकाच जागी जाऊ लागले.

दोरीचा जादा तुकडा त्यांनी मागून घेतला आणि गाठ शिकवायला सांगितली. गाठ मारून टोक लायटरने वितळवून त्याचा मणी करायचा, म्हणजे ती निसटत नाही. बोटं जाड, गाठ बारीक; वैतागले, पण सोडलं नाही. जुनं रेस्ट टाकून द्यायला निघाले होते, ते मी त्यांच्या पिशवीत परत घातलं. सरावाच्या धनुष्यावर ते छान चालेल, फक्त क्लॅम्प काढायचा, धनुष्य दाबून धरणाऱ्या प्रेसमध्ये घालून दोरी केबलच्या धाग्यांमधून ओवायची आणि वर-खाली सर्व्हिंगचा धागा गुंडाळून बंद करायची. त्यासाठी ते धनुष्य पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाले.