एक टीम बनियनवर

लहानपणी आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात फुटबॉल खेळायचो तेव्हा जर्सीबिर्सी काही नव्हती, एक टीम शर्टात आणि दुसरी बनियनवर, झालं काम. पावसाळ्यात मात्र तेही चालायचं नाही. माळव्याची काळी माती ती, दहा मिनिटांत शर्टवाले काय आणि बनियनवाले काय, सगळे एकाच रंगाचे, मग "भिया इधर, इधर दे" असा आवाज जिकडून येईल तिकडे बॉल मारायचा आणि तो आवाज हमखास समोरच्या टीमचा निघायचा, कारण ही चीटिंग सगळ्यांनाच यायची.

बॉल पायात असताना कोणी तोंडं बघत बसत नाही हो. डोळ्याच्या कोपऱ्यात आपला रंग हलला की पास देऊन मोकळं. १९९६च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेड साउथॅम्प्टनला राखाडी ड्रेसमध्ये खेळायला गेली, हाफटाइमलाच ०-३, तर त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन साहेबांनी अख्ख्या टीमचे कपडे बदलायला लावले, म्हणे पोरांना एकमेकं दिसतच नाहीयेत. तरी हरले ते, ३-१. मला ही कायम हरल्यावरची सबब वाटायची.

मग आला १४ जून २०१८. वर्ल्डकपची पहिली मॅच, रशिया आणि सौदी अरेबिया, रात्री साडेआठ, बाबा शेवेची वाटी घेऊन सोफ्यावर. पाच मिनिटं झाली नसतील, बाबा म्हणतात, "दोन्ही टीम सारखेच कपडे घालून का खेळतायत रे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, चष्मा लावा. चष्मा लावलेलाच होता. रशिया लालमध्ये, सौदी हिरव्यात, याहून वेगळे रंग ते काय असणार! पण त्या रात्री रशियाने पाच गोल मारले आणि पाचही वेळा बाबांनी विचारलं, "कोणी मारला?"

साठाव्या वर्षी, फुटबॉलच्या कृपेने, आमच्या घराला कळलं की बाबांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं, आम्हाला ज्या पानांवर आकडे दिसत होते तिथे बाबांना नुसते ठिपके. बारा पुरुषांत साधारण एकाला असतं म्हणे हे, बायकांत फारच कमी. सिग्नलचं कसं जमायचं विचारलं तर म्हणाले, "वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की जायचं, त्यात रंग कशाला बघायचा?" घरोघरी येणाऱ्या कचरागाडीचं निळं-हिरवंही बरोब्बर जमतं, त्यामुळे इंदूरच्या स्वच्छतेतल्या पहिल्या नंबरला बाबांकडून कधी धोका नव्हता. पण आईने हिरवी महेश्वरी सांगितली आणि यांनी मरून आणली, हा किस्सा तीस वर्षं घरात 'लक्ष नसतं यांचं' या सदराखाली फिरत होता. पोह्यांवर कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे टाकले की बाबा दाणे चमच्याने चाचपडत शोधतात, तेही आम्ही लाडच समजायचो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते ब्लॅक अँड व्हाईटचं. "त्या टीव्हीवर मॅच कशी स्वच्छ दिसायची" असं बाबा नेहमी म्हणायचे आणि आम्ही हसायचो, म्हातारपणी जुनं सगळं गोडच लागतं म्हणून. १९८६ची फायनल त्यांनी रामबागेत शेजाऱ्यांच्या छोट्या टीव्हीवर पाहिलेली. अर्जेंटिना पांढऱ्या-आकाशी पट्ट्यांत, जर्मनी हिरव्यात. हिरवा हे बाबांना माहीतच नव्हतं, त्यांच्यासाठी एक फिकी टीम, एक गडद टीम, संपला विषय. तेव्हा खरंच त्यांना स्वच्छ दिसत होतं हो!

त्या काळात हा विचार व्हायचाही. घरोघरी रंगीत टीव्ही कुठे होते, म्हणून एकाने फिकं घालायचं आणि एकाने गडद. म्हणजे घोळ व्हायचे नाहीत असं नाही, १९७८ला अर्जेंटिनातल्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्स आणि हंगेरी दोघंही पांढरे शर्ट घेऊनच मैदानावर, शेवटी फ्रान्सने तिथल्याच एका क्लबचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट मागून आणले आणि मॅच उशिरा सुरू झाली. मग रंगीत टीव्ही आले आणि लाल विरुद्ध हिरवा म्हणजे केवढा फरक असं सगळ्यांनी गृहीत धरलं. रशिया-सौदीच्या त्या रात्री हाफटाइमनंतर मी रिमोट घेऊन टीव्हीचा कलर शून्यावर आणला होता. लाल पण करडा, हिरवा पण करडा. आई पदराला हात पुसत बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई." बाबा म्हणाले, "आता कळलं?"

डॉक्टर म्हणाले होते की हे तुमच्या मुलाला तुमच्याकडून यायचं नाही, मुलीच्या मुलाला येऊ शकतं. ताईचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, फुटबॉलच्या क्लासला जातो, टीम ओळखायला शर्टावर लाल आणि हिरवे बिब, म्हणजे बिनबाह्यांच्या बंड्या, घालून खेळवतात आणि हा सारखा उलट्या टीमला पास देतो म्हणून सर रोज ओरडायचे. परवा ताईचा फोन आला तेव्हा बाबा नुसतं ऐकत होते. संध्याकाळी पायात चपला सरकवून राजवाड्याकडे गेले आणि पिशवी भरून छोट्या मापाच्या बनियन घेऊन आले, एक डझन.

आईने पिशवी माझ्या हातात दिली. "पांढऱ्याच आहेत ना, बघून घे रे बाबा एकदा."